वापसा आणि तारीख : कामांचं ॲप निवडताना

जूनमध्ये अंबड तालुक्यात पहिला दमदार पाऊस होऊन गेला, तरी दुसऱ्या दिवशी कोणी पेरायला निघत नाही. काळ्या रानात पाय ठेवला तर चपलेला शेरभर चिखल चिकटतो. शेतकरी बांधावर उभा राहून मूठभर माती उचलतो, दाबतो, सोडतो. लाडू तसाच राहिला तर थांबायचं. बोट लागताच फुटला तर वापसा आला. मग सरकी लावायला माणसं सांगायची. तो दिवस परवाचा असेल, पुढच्या आठवड्यातला असेल, मध्ये आणखी एक सर आली तर त्याच्याही पुढचा. आता याच शेतकऱ्यानं खिशातला फोन काढून कामांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये ‘सरकी लावणे’ असं लिहिलं, तर ॲप विचारतं : कोणत्या तारखेला?

त्याच्याकडे तारीख नसते, अट असते. ‘वापसा झाला की’ एवढंच त्याला सांगता येतं, आणि ॲपमध्ये ते लिहायला रकाना नसतो. हे पुस्तक या अडचणीपासून सुरू होतं.

कामं लिहून ठेवायची, ती वेळेवर आठवण करून घ्यायची आणि झाली की खोडायची, एवढ्यासाठी आज शेकडो ॲप मिळतात. त्यांतलं कोणतं घ्यावं हे सांगणारी माहितीही ढीगभर आहे. मात्र ती बहुतेक अशा माणसासाठी लिहिलेली असते, जो सकाळी नऊला संगणकासमोर बसतो, ज्याची कामं ईमेलनं येतात आणि ज्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो. अशी माणसं अंबडलाही आहेत. बाजारपेठेतल्या करसल्लागाराचा महिना ठरलेल्या तारखांना बांधलेला असतो : दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते, जीएसटीआर-३बी ची २० तारखेला. त्याला बाजारातलं कोणतंही बरं ॲप चालून जाईल. पण त्याच्या शेजारचा कृषी सेवा केंद्राचा मालक, कोर्टातल्या तारखांच्या मागं धावणारा वकील, मोसंबीचा बागायतदार, अंगणवाडी सेविका, मंडपवाला, या सगळ्यांची कामं निरनिराळ्या वाणाची. बियाणं घेताना जमीन पाहतात; ॲप घेताना मात्र आपलं रान कोणतं हे न पाहताच दुसऱ्याच्या शेतातलं पीक पाहून पिशवी उचलली जाते.

मराठीत ‘टास्क मॅनेजमेंट’ला रुळलेला शब्द नाही. ‘कार्यव्यवस्थापन’ म्हटलं की शासकीय परिपत्रक आठवतं. म्हणून या पुस्तकात साधं ‘कामांचं ॲप’ म्हटलं आहे. शब्द नसला तरी विद्या इथं जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा कारभारी हेमाद्री याच्या नावावर ‘मेस्तक’ सांगितलं जातं; राजाच्या कचेरीत लिखापढी कशी करावी याचे ते नियम. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला ते जांब आज घनसावंगी तालुक्यात आहे, पूर्वी ते अंबड तालुक्यात होतं. त्यांच्या ‘दासबोधा’त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर कसं काढावं, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, पानाच्या कडेला जागा सोडावी, शाई-लेखणीची साधनं कशी जमवावीत, इतक्या बारकाईनं ब्रह्मज्ञान सांगणारा माणूस बोलतो. पेशवाईच्या दफ्तरात रोजकीर्द रोजच्या रोज लिहिली जाई, आणि ‘याद’ हा कागदाचा एक वेगळा प्रकारच होता. या फारसी शब्दाचा अर्थ स्मरण. किराण्याची यादी हातात घेऊन निघणारा माणूस आपलं स्मरणच घडी करून खिशात घालतो, हे शब्द वापरताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

घराघरात ही सवय पोचली ती मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेमुळे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं. तारीख, तिथी, नक्षत्र आणि सणवार एका चौकोनात आले, आणि चौकोनात जी बोटभर कोरी जागा उरली ती मराठी बायकांनी ताब्यात घेतली. दूध आलं नाही त्या दिवशी फुली. गॅसची टाकी लावली तो दिवस, भिशीचा हप्ता, मुलाच्या लसीची तारीख, गिरणीवाल्याकडे राहिलेले सुटे पैसे. खिळ्यावर टांगलेलं ते पान घरातल्या सगळ्यांना सारखंच दिसतं. सासूबाईंनी लिहिलेलं सून वाचते आणि सुनेनं मारलेली फुली महिन्याच्या शेवटी दूधवाल्यालाही मान्य असते. आजची ॲप जिला सामायिक यादी म्हणतात ती हीच.

दिनदर्शिकेला आणखी एक गोष्ट कळते, जी फोनला कळत नाही. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे. तिथलं नवरात्र आश्विनात येतं. दत्तजयंतीला गावात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, तो मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराला. ही पौर्णिमा २०२३ साली २६ डिसेंबरला आली, २०२४ साली १४ डिसेंबरला, २०२५ साली ४ डिसेंबरला. ॲपमध्ये ‘दरवर्षी’ असं बटण असतं, पण ते दाबलं की पुढच्या वर्षी नेमकी तीच इंग्रजी तारीख उभी राहते आणि आठवण येते तेव्हा उत्सव होऊन गेलेला असतो. आचारी, फुलवाले, मंडपवाले, पुजारी यांच्या वर्षातली कितीतरी कामं तिथीवर चालतात. अशा माणसानं ॲप घेतलं तरी भिंतीवरचं पान उतरवू नये, हे या पुस्तकाचं स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याचं जुनं वेळापत्रक तर तारखेचं नव्हतंच. रोहिणी, मृग, आर्द्रा ही सूर्याची नक्षत्रं साधारण तेरा-चौदा दिवसांची. ‘मृगात पेरलं’ म्हणताना एक दिवस सांगितलेला नसतो, पंधरवड्याएवढी खिडकी सांगितलेली असते. मोसंबीच्या बागेचंही तसंच. आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि तो किती दिवस, हे जमीन आणि झाडाची पानं सांगणार. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, अंबड तालुक्यातून पुढं जातो. त्याला पाणी सुटलं की पाळी, नाही सुटलं की वाट पाहणं. आणि रात्रीच्या लाईटचं काय करायचं? मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं याचं उत्तर कधीच शोधून ठेवलं आहे : मोटारीच्या स्टार्टरला बसवलेला ‘ऑटो’. थ्री फेज लाईट आली की मोटार आपोआप चालू. त्या छोट्या डबीला घड्याळ कळत नाही, पण अट कळते. कामांची ॲप बनवणाऱ्यांनी तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सरकारी कचेऱ्यांनी कामांचा गुंता आणखी वेगळ्या वाटेनं सोडवला. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची मांडणी आणि कागदांची व्यवस्था बदलून टाकली. तो ‘लखीना पॅटर्न’ राज्यभर गाजला. कचेऱ्यांमध्ये रुजलेली सहा गठ्ठा पद्धत ही त्याच घराण्यातली. टेबलावरचे सगळे कागद सहा ठिकाणी वाटायचे : प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. यांतला ‘प्रतीक्षाधीन’ हा गठ्ठा लाखमोलाचा. आपण पत्र पाठवलंय, उत्तर आलेलं नाही. अशा कामाला बाकी म्हणावं तर हातात करण्यासारखं काही नाही, आणि झालं म्हणावं तर झालेलं नाही. अमेरिकेतल्या डेव्हिड ॲलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक २००१ साली आलं आणि जगभर त्याचे अनुयायी तयार झाले. आपल्या हातातली पुढची पायरी, दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलेलं काम, नुसता संदर्भ म्हणून ठेवायचं आणि फेकून द्यायचं, अशी वाटणी त्यातही आहे. तहसीलमधल्या जुन्या अव्वल कारकुनाला ते पुस्तक वाचून दाखवलं तर तो म्हणेल, हे तर आमचे गठ्ठे.

असं असूनही फोनवरच्या बहुतेक ॲपमध्ये कामाच्या दोनच अवस्था असतात, गोल रिकामा किंवा गोलात बरोबरची खूण. ज्याची निम्मी कामं तलाठी, बँक, व्यापारी किंवा कालव्याच्या पाण्यावर अडलेली असतात, त्याला ही दोन घरं पुरत नाहीत. मग यादीत तीच तीच कामं रोज लाल होऊन दिसतात, माणूस वैतागतो आणि महिनाभरात ॲप उघडणं सोडतो. दोष स्वतःच्या आळशीपणाला दिला जातो. पुष्कळदा चूक गठ्ठ्याची असते.

लिहून ठेवल्यानं नेमकं होतं काय, यावर मानसशास्त्रज्ञांनी शंभर वर्षं डोकं घातलं आहे. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं की अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी तसाच दिसला नाही, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर राहिलेली कामंच डोक्यात फिरतात याला प्रयोगाची गरज नाही. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी दाखवलं की काम पुरं केलं नाही, नुसतं कसं आणि कधी करायचं ते ठरवलं, तरी ही टोचणी कमी होते. पीटर गोलविट्झर यांचं १९९९ सालचं लेखन या पुस्तकाला अधिक जवळचं आहे. ‘मी हे करीन’ एवढा निश्चय पुरत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशी जोडी मनात बांधली तर काम होण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. ‘वापसा झाला की सरकी’ हे वाक्य बरोबर त्या साच्यातलं आहे.

यादीनं जीव वाचतात याची गोष्ट एका विमानापासून सुरू होते आणि विदर्भातल्या एका गावाला स्पर्श करून जाते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचं ‘मॉडेल २९९’ हे विमान उडाल्यावर लगेच कोसळलं. वैमानिक कसलेला होता. जमिनीवर असताना वाऱ्यानं हलू नयेत म्हणून विमानाच्या हलत्या भागांना जे कुलूप लावतात, ते काढायचं राहून गेलं होतं. विमान इतकं गुंतागुंतीचं झालं होतं की नुसत्या स्मरणशक्तीवर ते सोपवता येईना. वैमानिकांनी मग उड्डाणाआधी तपासायच्या गोष्टींची यादी केली. ही गोष्ट जगभर पोचवली ती अतुल गावंडे या शल्यविशारदानं, ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या २००९ सालच्या पुस्तकातून. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय आत्माराम यांच्या आईच्या नावानं उभं आहे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर पाहायच्या १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं केली, त्या कामाचं नेतृत्व अतुल गावंडे यांच्याकडे होतं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले : मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

इथं गोष्ट संपवली तर ती जाहिरात होईल. २०१४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची आकडेवारी आली. तिथं १०१ रुग्णालयांना शस्त्रक्रियेची अशी यादी सक्तीनं वापरायला लावली होती, आणि मृत्यू किंवा गुंतागुंत यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कारणांवर तज्ज्ञांत वाद झाले. एक स्पष्टीकरण मात्र वारंवार पुढं आलं : वरून हुकूम आला की माणसं यादी वापरत नाहीत, तिच्यावर खुणा करतात.

महाराष्ट्रानं याचा अनुभव फार जवळून घेतला आहे. अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास शासनाकडून फोन मिळाले. २०२१ साली त्यांवर ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचं ॲप आलं. ॲप इंग्रजीत, फोनची ताकद तोकडी, जाळं कुठं आहे कुठं नाही. मुलांची वजनं, हजेरी, आहार यांची नोंद आधी वहीत आणि मग फोनवर, असं दुहेरी काम सेविकांच्या गळ्यात पडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत केले. ‘मोबाईल वापसी’ आंदोलन म्हणून ते ओळखलं जातं. नवे फोन द्या, ही मागणी २०२३ च्या संपातही होती. या बायकांना तंत्रज्ञान नको होतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं ठरेल. त्याच बायका व्हॉट्सॲपवर गावाचा कारभार हाकतात. आपल्या कामाशी न जुळणारं अवजार त्यांनी टेबलावर ठेवलं, एवढंच झालं. ॲप निवडण्याच्या पुस्तकात हा प्रसंग म्हणूनच मध्यभागी येतो : निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला प्रश्न आहे आणि तो तांत्रिक नाही.

आता खुद्द ॲपकडे यायला हरकत नाही. त्यांची घराणी मोजकीच आहेत, नावं मात्र रोज नवी.

सगळ्यात जुनं घराणं यादीचं. ऑस्ट्रेलियातलं ‘रिमेंबर द मिल्क’ २००५ चं. दूध आणायचं लक्षात ठेवा, असं त्याचं नावच. ‘टुडुइस्ट’ २००७ साली बोस्नियात जन्मलेल्या आणि तेव्हा डेन्मार्कमध्ये शिकणाऱ्या अमीर सालिहेफेंडिच यांनी स्वतःच्या गरजेपोटी तयार केलं. गुगल टास्क, मायक्रोसॉफ्ट टू डू, ॲपलचं रिमाइंडर्स ही सगळी या घराण्यातली. एकट्या माणसाला, तारखेच्या कामांना आणि बाजारहाटाला ती उत्तम. दुसरं घराणं फळ्याचं. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी सुटे भाग कधी मागवायचे हे कळावं म्हणून ‘कानबान’, म्हणजे पाटी, ही पद्धत बसवली. तिचा फोनवरचा अवतार म्हणजे २०११ साली आलेलं ‘ट्रेलो’. अटलासियन कंपनीनं ते २०१७ साली साडेबेचाळीस कोटी डॉलरना विकत घेतलं. यात कामाची चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवत न्यायची. वापशाची वाट पाहणाऱ्या कामाला हे घराणं जास्त मानवतं, कारण तारीख न टाकताही ‘अडलेलं’ नावाचा रकाना करता येतो आणि रान मोकळं झालं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात.

तिसरं घराणं सगळं एकाच वाड्यात ठेवणाऱ्यांचं. ‘नोशन’ हे त्यातलं गाजलेलं नाव : टिपणं, तक्ते, कामं, हिशेब सगळं एकत्र. वाडा देखणा असतो, पण बांधता बांधताच वर्ष जातं. कामं करण्याऐवजी कामांची सजावट करणारी माणसं या घराण्यात सर्वाधिक आढळतात, असं म्हटलं तर त्याच्या चाहत्यांनी रागावू नये. चौथं घराणं कंपन्यांचं. आसना, झोहो प्रोजेक्ट्स वगैरे. दहा-वीस माणसांची, जबाबदाऱ्या वाटून घेणारी कामं असतील तरच त्याच्या वाटेला जावं. आणि पाचवं घराणं या सगळ्यांकडे पाठ फिरवून बसलेलं : साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीला एक काम लिहिणारे ‘टुडू डॉट टीएक्सटी’वाले, किंवा रायडर कॅरल यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेली ‘बुलेट जर्नल’ पद्धत घेऊन पुन्हा वहीकडे वळलेले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची दैनंदिनी खिशात बाळगणारा शेतकरी नकळत याच घराण्यात बसतो.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष राज्य करतं ते सहावं, ज्याला कोणी कामांचं ॲप म्हणत नाही. गावातली निम्मी कामं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरतात. ‘उद्या डीपी बघायला वायरमन येणार’ हा निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो आणि दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन परत जातो. २०२२ च्या अखेरीस स्वतःलाच निरोप पाठवायची सोय या ॲपमध्ये आली, तेव्हा कित्येकांनी तीच आपली यादी केली. वाईट नाही. आवाजात बोलून ठेवता येतं, फोटो टाकता येतो, नवं काही शिकावं लागत नाही. फक्त झालेलं काम आणि राहिलेलं काम यांत फरक दिसत नाही, आणि आठवण कोणी करून देत नाही.

एकत्र करायच्या कामांसाठी या पुस्तकानं ज्यांचा धडा घेतला आहे ते कोणतंच ॲप वापरून मोठे झालेले नाहीत. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवत आले. झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे. त्या खुणांतून पुढच्या हाताला कळायला हवं तेवढंच कळतं : कोणतं स्टेशन, कोणती इमारत, कितवा मजला. डबा कोणत्या घरातला आणि आत भाजी कसली, याची उठाठेव नाही. त्यांच्या अचूकतेबद्दल सांगितले जाणारे आकडे जरा हात राखून ऐकावेत, पण खुणेची युक्ती खरी आहे. पाच जणांत यादी वाटून घेणाऱ्यांनी ॲपमध्ये चाळीस रकाने उघडण्याआधी ती झाकणं आठवावीत.

आणखी एक धोका नवख्याला सहसा कोणी सांगत नाही. ॲप मरतात. बर्लिनमध्ये तयार झालेलं ‘वुंडरलिस्ट’ लाखो लोकांच्या हातात रुळलं होतं. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ साली घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. याद्या दुसऱ्या ॲपमध्ये हलवायची सोय कंपनीनं दिली होती. ज्यांनी वेळेत हलवल्या त्यांच्या वाचल्या. वही जळू शकते, भिजू शकते, पण बनवणाऱ्या कंपनीचं मन बदललं म्हणून कपाटातून नाहीशी होत नाही. म्हणून कोणतंही ॲप घेताना आत कसं जायचं याआधी बाहेर कसं पडायचं हे पाहावं. आपली यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते का? नेट नसताना उघडते का? फोन हरवला तर दुसऱ्या फोनवर परत मिळते का? तालुक्यात जाळं शिवारागणिक बदलतं, तेव्हा मधला प्रश्न हौसेचा नाही.

भाषेचा प्रश्न थोडा सुटला आहे, पुरता नाही. गुगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून टंकण्याची सोय दिली, तेव्हापासून कीबोर्डवर न अडखळता मराठी नोंद करणं शक्य झालं. काम मराठीत लिहून घेण्यात आता कोणतंही नावाजलेलं ॲप कुरकुरत नाही. समजून घेण्यात मात्र अडतं. इंग्रजीत ‘दर सोमवारी’ असं लिहिलं तर काही ॲप स्वतःहून ती आवर्तनं लावून घेतात. मराठीत लिहिलं तर ती फक्त अक्षरं राहतात. ‘परवा’, ‘तेरवा’, ‘दिवस मावळल्यावर’, ‘आठवडी बाजाराच्या दिवशी’ हे सगळं माणसानं स्वतः तारखेत उतरवून द्यायचं.

मग अंबडसारख्या गावातल्या माणसानं निवड करायची कशी? या पुस्तकाची भूमिका एका वाक्यात सांगायची तर, आधी कामं तोलावीत, मग ॲप. आपल्या आठवडाभराच्या कामांपैकी तारखेची किती, अटीची किती, तिथीची किती आणि दुसऱ्यावर अडलेली किती, एवढी मोजणी केली की अर्धी निवड होऊन जाते. तारखेची जास्त असतील तर फोनमध्ये आधीपासून असलेलं फुकटचं यादीचं ॲप पुरे. पैसे देऊन नवं घेण्याची घाई नको. अटीची जास्त असतील तर तारखेचा रकाना सक्तीचा नसलेलं ॲप पाहावं आणि याद्यांना अटींचीच नावं द्यावीत : ‘वापसा झाल्यावर’, ‘लाईट आल्यावर’, ‘जालन्याला गेल्यावर’, ‘तलाठी भेटल्यावर’. जालन्याच्या एसटीत बसलं की तिसरी यादी उघडायची, बाकीच्यांकडे पाहायचंही नाही. ॲलन यांनी ठिकाण, साधन आणि माणूस यांवरून कामं लावायला सांगितलं ते हेच, आणि गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या कचेरीपेक्षा ते अंबडच्या शिवाराला जास्त लागू पडतं. फोन आणि इंटरनेट हाताशी आले तशी कचेरीतल्या माणसाची सगळी कामं सगळीकडून करता येऊ लागली. शेतातली अजून शेतातच करावी लागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणीसुद्धा, ॲप असूनही, बांधावर उभं राहूनच भरायची असते.

हे पुस्तक कोणत्याही एका ॲपला पहिला क्रमांक देत नाही. किमती, फुकट मिळणाऱ्या सोयी, पडद्यावरची बटणं यांची वर्णनं त्यात मुद्दाम थोडी ठेवली आहेत, कारण ती छापून येईपर्यंत शिळी होतात. कामाचं वाण कसं ओळखावं, घरात किंवा दुकानात दुसऱ्यांना बरोबर घेऊन यादी कशी चालवावी, वही केव्हा पुरेशी असते आणि केव्हा अपुरी पडते, चुकीचं ॲप घेतलं गेलं तर महिनाभरात ते कसं ओळखून सोडून द्यावं, यांवर त्याचा भर आहे. उदाहरणं शेतीची जास्त आहेत, आणि त्याचं कारण भावुकपणाचं नाही. शेतकऱ्याच्या कामांत तारीख, अट, तिथी आणि दुसऱ्याची पाळी या चारही गोष्टी एकाच दिवशी येतात. त्याची यादी ज्या ॲपमध्ये नीट बसली, त्यात दुकानदाराची, शिक्षिकेची आणि वकिलाची बसायला अडचण पडू नये.

पुस्तकाच्या शेवटी सात पानं कोरी सोडली आहेत, एका दिवसाला एक. वाचकाला विनंती एवढीच, की फोनवर काहीही उतरवून घेण्याआधी ती पेननं भरावीत : काम काय, ते कशावर अडलंय, आणि झालं हे आणखी कोणाला कळायला हवं. पेरणीचे दिवस असतील तर सातांऐवजी पंधरा दिवस घेतले तरी चालतील.